व्हिलनभाऊंचं जपानी नाटक

नागपूरला शिकणाऱ्या भाच्याकडून मी माझ्या मुलीसाठी एक जपानी कार्टून मालिका पेन ड्राइव्हवर घेऊन आलो. म्हणजे असं मला वाटत होतं. "मामा, पडद्यावरचं सगळं कॉपी करून घ्या," असं सांगून भाचा अंघोळीला गेला. मी पडद्यावरची चिमुकली चित्रं एकेक करून उचलली आणि पेन ड्राइव्हमध्ये टाकली. काम इतक्या झटपट झालं की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. खिशावर हात ठेवून मी नागभीडपर्यंत आलो. दुसऱ्या दिवशी बसस्टँडसमोरच्या व्हिडिओ मिक्सिंग सेंटरमध्ये तो पेन ड्राइव्ह लावला, आणि आतून जो आवाज आला तो फलाटावर उभ्या गाडीच्या कंडक्टरनंही वळून ऐकला.

"बाबूजी! तुमी आंबे नाई आणले. आंब्याच्या झाडाचा पत्ता आणला!"

मी आणले होते ते नुसते शॉर्टकट. मालिका नागपुरातच राहिली होती. माझी ही फजिती संध्याकाळपर्यंत ऑफिसात पोचली, कारण तो आवाज व्हिलनभाऊंचा होता आणि त्या आवाजाला माइक लागत नसे.

रेशनकार्डावर त्यांचं नाव रशीद होतं. पण दिवाळीनंतर धान घरात आलं की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव रात्रभर नाटकं चालतात, आणि त्या नाटकांत त्यांनी जन्मभर खलनायकाचं काम केलं होतं. त्यामुळे पोरासोरांपासून तहसीलदारापर्यंत सगळे त्यांना व्हिलनभाऊच म्हणत. एकदा माझ्यासमोर बाजारात भाजीवालीनं त्यांना वांगी द्यायला साफ नकार दिला. "काल सुनेले घराबाहेर काढलं ना तू? नाई भेटत वांगे. जाय." भाऊंनी तिला वाकून नमस्कार केला आणि रिकामी थैली घेऊन माझ्याबरोबर निघाले. चेहरा उजळलेला. "वांगे नाई भेटले म्हंजे नाटक पडलं नाई, बाबूजी. ज्या दिवशी वांगे मोजून देईन ही बाई, त्या दिवशी घरी बसाव लागते."

ते दिवस जवळ येतही होते. नाटकमंडळ्या बाहेरून नट आणायला लागल्या होत्या, आणि भाऊंच्या वाट्याला हिवाळ्यात चार-दोन प्रयोग उरले होते. बाकी वर्षभर ते लग्नांचं शूटिंग करत आणि कॉम्प्युटरवर त्याचं मिक्सिंग करून डीव्हीडी बनवून देत. त्यांच्या हातात काहीही दिलं तरी त्याचं लग्न होत असे. कोणाच्या नव्या ट्रॅक्टरचं शूटिंग केलं, त्यातही ट्रॅक्टरवर गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या. मी दुसऱ्या फेरीत खरी मालिका घेऊन आलो तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "सुरुवातीले गणपती टाकू का?"

"भाऊ, ते लोक जपानी आहेत."

त्यांनी बराच विचार केला. "मंग नुसतं स्वागतम् टाकतो. स्वागत तं सगळ्याइचंच करतेत."

त्या काळी कॉम्प्युटरवरची फाइल टीव्हीच्या डीव्हीडी प्लेअरला समजत नसे. प्लेअरला समजेल अशा रूपात ती आधी बदलायची आणि मग कोऱ्या डिस्कवर उतरवायची. बदलायलाच अर्धा दिवस लागे. मशीन घरघरत असताना भाऊ दुकानाच्या दारात आडवे उभे राहत आणि गिऱ्हाइकाला आत येऊ देत नसत. "बाळंतपण चालू आहे, बाहीर बसा." मध्येच लोडशेडिंग झालं की डिस्क वाया. वाया गेलेल्या डिस्का शेतकरी मागून नेत आणि पाखरं हाकायला बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, दोरीवर टांगत. धान निसवण्याच्या दिवसांत गावाबाहेर पडलं की नुसता लखलखाट दिसे. आमच्या भागात वीज किती वेळा गेली याचा हिशेब वीजवाल्यांपेक्षा आमच्या बांध्यांकडे जास्त नीट होता.

पहिली डिस्क घरी लावली. स्वागतम् आलं, पाकळ्या पडल्या, बर्फाचे डोंगर दिसले. मग माणसं जपानीत बोलायला लागली. खाली इंग्रजी भाषांतराची अक्षरं यायला हवी होती, ती आलीच नाहीत. ती वेगळ्या फाइलीत होती आणि भाऊंच्या कॉम्प्युटरवरच मागे राहिली होती. चौथीतली माझी मीनल थोडा वेळ शहाण्यासारखी बसली. मग म्हणाली, "बाबा, हे काय म्हणून राह्यले?" मी म्हणालो, "बघत राह, समजेल." मला स्वतःला काहीच समजत नव्हतं.

भाऊंनी अक्षरं बसवायचा प्रयत्न केला, तर अक्षरांच्या जागी चौकोन आले. दोन डिस्का बांधीत गेल्या. तेव्हा त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "अक्षरं वाचत बसन का लेकरू? नाटक वाचतेत का कोणी? मीच टाकतो आवाज." लग्नाच्या व्हिडिओत मूळ गलका काढून सनई टाकायची हा त्यांचा रोजचा धंदा, जपानी काढून झाडीबोली टाकणं त्यांना अजिबात वेगळं वाटलं नाही.

मग रविवारी दुपारी शटर अर्धं पाडून आमचं काम सुरू झालं. मी कॉम्प्युटरवर इंग्रजी वाचायचो आणि मराठीत सांगायचो. माझं इंग्रजी ऑफिसच्या टिपणीपुरतं. कार्टूनमधली मुलगी आजोबांच्या गळ्यात पडून काहीतरी म्हणे, ते मी "मी आपणास कळवू इच्छिते" असं सांगत असे. भाऊ क्षणभर माझ्याकडे बघत, आणि मग माइकमध्ये बारीक आवाजात म्हणत, "आबाजी, आयका ना वो!" मीनलला जी मालिका कळली ती यातली दुसरी.

गोष्ट साधी होती. डोंगरातलं एक छोटं स्टेशन, तिथला म्हातारा स्टेशनमास्तर, त्याची नात आणि एक बोलणारं अस्वल. काळा डगला घातलेला एक माणूस ती रेल्वेलाइन बंद करायला येतो. नात, आजोबा, अस्वल, सगळे आवाज भाऊंचेच. पण जीव होता तो काळ्या डगल्यावर. जपानी डगलेवाला फार कमी बोलायचा. नुसता बर्फात उभा राहायचा. भाऊंना ते सहन होत नसे. तो उभा राहिला की भाऊ स्वगत सुरू करत. त्याचं लहानपण, त्याची आई, त्याला एकदा गाडीतून उतरवून दिलं होतं तो प्रसंग. यातलं मूळ मालिकेत काही नव्हतं. डगलेवाल्याचं तोंड मिटलेलं असे आणि तो बोलतच असे. गल्लीतली पोरं आमच्या घरी जमून श्वास रोखून हे बघत. माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणायची, "लाइन बंद झाली तरी चालन, पण यानं आता गप बसावं."

मालिका संपत आली तसा भाऊंचा आवाज बसायला लागला. आधी म्हणाले, अस्वलाचा आवाज जास्त काढला. मग म्हणाले, तंबाखू-सुपारीचा खर्रा बदलला म्हणून. बायकोनं काढे पाठवले. शेवटी ते नागपूरला दाखवायला गेले आणि परत आल्यावर मला दुकानात बोलावलं. आवाज घोगरा, पण सूर नेहमीचाच.

"गळ्यातली पेटीच काढतो म्हणते डॉक्टर. मी म्हटलं, तबला तरी ठेवजा."

मी हसलो नाही. ते वाट बघत होते, म्हणून मग हसलो.

"आणि आवाज?" मी विचारलं.

"तो नाई राहत म्हणते." त्यांनी स्क्रीनवरची धूळ बाहीनं पुसली. "सोमवारी जाव लागते. एक भाग राह्यला न आपला?"

मी म्हणालो, राहू द्या तो भाग. ते म्हणाले, "शेवटचा अंक सोडून कोणी पडदा पाडते का?" या मोसमात कोणत्याच मंडळीनं त्यांना काम दिलं नव्हतं. काळा डगला हाच त्यांचा त्या वर्षीचा रोल होता.

रविवारी आम्ही बसलो. त्या दुपारी ते जे बोलले तसं मी झाडीपट्टीत कधी ऐकलं नाही. शेवटच्या भागात डगलेवाला रुळावर एकटाच उभा राहतो आणि कोसळतो. जपानीत तो एक शब्द बोलत नाही. भाऊंनी त्याला सगळं बोलायला लावलं. ज्याला कोणी आपल्या स्टेशनावर उतरू दिलं नाही अशा माणसाचं ते बोलणं होतं. मध्ये खोकला आला तोही डगलेवाल्याचाच वाटला. मी खाली मान घालून इंग्रजी शोधत होतो; तिथे काही नव्हतं.

संवाद संपला आणि लाइन गेली. इन्व्हर्टरनं एक शिट्टी मारली आणि तोही गेला. रेकॉर्डिंग सेव्ह केलेलं नव्हतं.

आम्ही अंधारलेल्या दुकानात बसून राहिलो. बाहेर वडश्याची गाडी लागली, माणसं चढली, गाडी सुटली. वीज आली तेव्हा त्यांच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो मला पुढे वाकून ऐकावा लागला.

"बाबूजी, आता सगळ्याइले नाई पुरत. थोडाच उरला. कोणाले देऊ?"

"डगलेवाल्याला द्या," मी म्हणालो. "तुमचा रोल आहे तो."

त्यांनी मान हलवली. "व्हिलन मुका उभा राह्यला तरी समजते लोकाइले. पोरगी मुकी राह्यली तं मीनल रडन."

मग त्यांनी उरलेला आवाज पोरीला दिला. आजोबांनी नुसती मान डोलावली, अस्वलानं एक हुंकार दिला. डगलेवाला बर्फात उभा राहिला आणि एक अक्षर न बोलता कोसळला. पोरगी मात्र गाडीच्या मागे धावताना ओरडली, "आबाजी, लाइन सुरू झाली वो!" तिथे आवाज फाटला. पुन्हा घेऊ, असं त्यांनीही म्हटलं नाही आणि मीही. वीज त्या दिवशी पुन्हा गेली नाही. डिस्क निघाली. त्यांनी कडेला धरून तिच्यावर फुंकर मारली आणि माझ्या हातात दिली. सोमवारी ते नागपूरला गेले.

पुढच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी ते आमच्या घरी आले. अंगानं वाळले होते, गळ्याला पांढरा रुमाल गुंडाळला होता. मी उगाच मोठ्यानं बोलत होतो, जणू त्यांना ऐकूच येत नव्हतं. मीनलनं काही न विचारता शेवटची डिस्क लावली. आम्ही दोघं बाप-लेक टीव्हीसमोर बसलो, भाऊ बाजूच्या खुर्चीत. बायको चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. स्वागतम् आलं, पाकळ्या पडल्या. डगलेवाला मुक्यानं रुळावर आला आणि मुक्यानं पडला. पोरगी ओरडली. भाऊंनी गार झालेला चहा घेतला, मीनलच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाले.

त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडून मी परत आलो. बायकोला म्हणालो, "वाईट वाटलं गं. एवढा बोलणारा माणूस, नुसता गप्प बसून होता."

ती कप विसळत होती. "गप्प कुठी?" ती म्हणाली. "डगलेवाला येऊन पडेपर्यंत ओठ हलून राह्यले होते त्यायचे. हात बी हलत होते. सारं बोलले ते. तुमी दोघं टीव्हीकडे पाहून राह्यले होते."