निरीक्षण-बोअरची संमती

एका शेतकऱ्याच्या बहिणीची सही घ्यायला मी त्या भावाला न घेता, पिशवीत स्टॅम्प पेपर टाकून, एकटाच गेलो. थांबा म्हणून मला स्पष्ट सांगितलं होतं, तरी गेलो.

जमिनीखालचं पाणी तपासणाऱ्या कंपनीत मी नोकरीला आहे. पाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. बोअर घ्यायच्या आधी लागणारे कागद गोळा करणं एवढंच माझं काम. लोणावळ्याहून सकाळी तळेगावला उतरायचं, स्कूटर काढायची आणि सातबारा, नकाशा, ग्रामपंचायतीचा ठराव, मालकाची संमती यांच्या मागे दिवसभर हिंडायचं. ऑफिसात मला ‘परवानगीवाले’ म्हणतात. माझ्या मते ते कौतुकानं म्हणतात.

त्या वर्षी तळेगावजवळच्या नवलाख उंबरे गावी, कारखान्यांच्या खालच्या अंगाला, एक निरीक्षण-बोअर घ्यायची होती. चार इंची भोक पाडायचं, पाइप सोडायचा, वर झाकण आणि कुलूप, आणि दोन वर्षं दर महिन्याला पाण्याचा नमुना न्यायचा. जागा ठरली ती साठीच्या एका शेतकऱ्याच्या भातखाचराच्या कडेला. मी त्यांना आबा म्हणायचो. पंचायतीचा ठराव झाला, आबांनीही सही केली. मग मी सातबारा नीट पाहिला, आणि हे मी सही घेतल्यानंतर केलं हेही लक्षात घ्या. त्यावर आबांच्या नावाआधी एका बाईचं नाव होतं.

“माझी थोरली भन,” आबा म्हणाले. “इंदुरीला दिलीया. बाप गेल्यावर वारसात दोघांची बी नावं लागली. कापणी चाललीया, चार दिस थांबा. मी येतो संगं.”

पण बोअरच्या गाडीची तारीख लागलेली होती. एका सहीसाठी माणूस कशाला लागतो, असा विचार करून मी दुसऱ्याच दिवशी इंदुरीला गेलो.

आबांची ही थोरली बहीण, आक्का, ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. सत्तरीच्या असाव्यात. मी नमस्कार केला, पिशवीतून स्टॅम्प पेपर काढला. त्यांचे हात थांबले.

“कुनी धाडलं?”

“आबांनी,” मी उत्साहानं म्हणालो. “त्यांची सही झालीय मावशी. तुमची तेवढी राहिलीय.”

त्या जरा वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग पदराला हात पुसले. “कुटं करायची?”

“वाचून दाखवतो ना.”

“नगं. जागा दावा.”

मी बोट ठेवलं. त्यांनी एकेक अक्षर जुळवत, पेन दाबून दाबून सही केली. मग आत जाऊन माझ्यासाठी चहा करून आणला. बरोबर बिस्किटंही होती. इतकी सोपी सही मला आजवर मिळाली नव्हती, आणि त्याचं श्रेय मी माझ्या बोलण्याला देऊन टाकलं.

निघताना त्या म्हणाल्या, “त्याला सांगा, साडीचोळी घिऊन येऊ नगंस. माज्या कपाटात जागा न्हाई.”

किती निरिच्छ बाई, असं मनाशी म्हणत मी तडक आबांच्या शेतावर गेलो. ते ओणवे होऊन भात कापत होते. बांधावरूनच मी कागद फडकवला आणि निरोप शब्दाला शब्द सांगितला, कपाटासकट.

आबा सरळ झाले. विळा खाली ठेवला आणि बांधावर बसले.

“कागद वाचून दावला का तिला?”

“त्या नको म्हणाल्या.”

“आन कशाचा हाय, ते तरी?”

मी आठवून पाहिलं. बोअर हा शब्द मी इंदुरीत एकदाही उच्चारला नव्हता.

“सायेब,” आबा हळू आवाजात म्हणाले, “आमच्यात भनीनं जमिनीवरचा हक्क सोडला, की भाऊ तिला साडीचोळी करतो. तिला वाटलं, मी तिचा हिस्सा सोडवून घेतला. त्यो बी परक्या मानसाच्या हातनं.” ते उठले. “आई गेली तवा मी पाच वर्साचा. हिनंच केलं माझं समदं. काढा गाडी.”

अंगाला भाताचं कुसळ, पाय चिखलाचे, तसेच ते मागे बसले. मी स्कूटर पुन्हा इंदुरीकडे वळवली. 

आक्का ओट्यावरच होत्या. आबा अंगणात उभे राहिले, वर चढेनात. आक्का भावाकडे न बघता मला म्हणाल्या, “काय सायेब, आजून एक सही ऱ्हायली का?”

“आक्का, त्यो कागद बोअरचा हाय,” आबा म्हणाले.

“व्हय का? मग ह्यांच्या तोंडाला काय झालतं?”

मी घाईघाईनं वाचायला लागलो. “सदरहू गटातील नमूद क्षेत्रामध्ये भूजल निरीक्षणार्थ...”

“मराठीत वाचा.”

मग मी साध्या शब्दांत सांगितलं. एक भोक, एक पाइप, पाणी चांगलं आहे की नाही ते बघायचं. जमीन दोघांची होती तशीच दोघांची राहणार, सातबाऱ्यावरचं नाव हलत नाही.

आक्कांनी हातातली शेंग सोललीच नाही. “आठ दिस झालं तुला भाऊबीजंला ववाळून आले,” त्या आता भावाला म्हणाल्या. “मनात म्हनलं, तवा ह्याच्या तोंडातनं निघंना, म्हनून सायेब धाडला.”

“तुला वाटलंच कसं मी मागंन?”

“समद्यांचं भाऊ मागत्यात. शेजारनीचा तर मिठाई घिऊन आलता.” त्यांनी डोळे पुसले. “तू मागितलं असतंस तर दिलं असतं रं.”

“ठावं हाय,” आबा म्हणाले. “म्हनून तर मागितलं न्हाई.”

 मग आक्कांनी पाण्याची बादली पुढं सरकवली. आबांनी पाय धुतले आणि ते ओट्यावर चढून बहिणीशेजारी बसले. तिच्या सुपातल्या शेंगा घेऊन ते सोलायला लागले.

आक्कांनी माझ्याकडे हात पसरला. “आना त्यो कागद. ही सही चालायची न्हाई. नवा आना, समदा वाचून दावा, मंग करते.”

नवा कागद म्हणजे दोघांच्या सह्या पुन्हा, गाडीची तारीख पुन्हा, आणि ऑफिसात माझी पूजा. तरी मी मुकाट्यानं दिला. त्यांनी तो चौघडी घालून सुपाखाली ठेवला.

“चुकलं माझं मावशी,” मी म्हणालो. “साडी नको म्हणालात, तेव्हा मला वाटलं तुमचा स्वभावच तसा आहे.”

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि आबांकडे वळल्या.

“शिकलेला दिसतोय,” त्या म्हणाल्या. “पर ह्याला एकट्याला कुटं सोडत नगं जाऊस.”