नालीवरचा वाळा आणि माझे साडूभाऊ

वाकून नालीत बघण्यात ज्यांना तीर्थयात्रेचा आनंद मिळतो असे गृहस्थ साऱ्या वर्धा जिल्ह्यात एकच, आणि ते नेमके माझे मोठे साडू निघावेत, हे माझं भाग्य. केळझरच्या गणपतीला आम्ही जोडीनं गेलो, तर दर्शन मी घेतलं आणि हे हात धुवायच्या नळाचं पाणी पुढं कुठं जातं ते बघून आले. पंगतीत कुणी ग्लासातलं उरलेलं पाणी फेकलं, की यांचा घास घशातच अडकायचा. "अरे, नालीत काऊन टाकून राह्यला? त्या जास्वंदीले टाक ना!"

दुकान बियाण्यांचं, पण डोळा गिऱ्हाइकापेक्षा समोरच्या बागेवर. बाग कसली, करपलेलं गवत आणि कडेनं वाहणारी वस्तीची नाली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ही बाग नव्यानं करायचं ठरलं. बाग समितीच्या मनात सिमेंटचं अंगण आणि रंगीत कारंजं होतं. साडूभाऊ सभेत ताडकन उठले. "उन्हाळ्यात प्यायले पाणी नाई, अन् तुमी ते हवेत उडवता?" त्यांना हवं होतं ते भलतंच. नाली बागेतच वळवायची, तिच्या पाण्यावर वाळ्याच्या, त्या सुगंधी मुळांच्या गवताचे, वाफे करायचे, आणि मुळांतून गाळून निघालेल्या पाण्यावर कडुनिंब नि करंज जगवायचे. समितीनं वैतागून पुढच्या पावसाळ्यापर्यंत मुदत दिली. तोवर घाण गेली नाही, तर कारंजं.

वडनेरहून वाळ्याचे ठोंब आले आणि साडूभाऊ दुकान विसरले. वाळा पुरुषभर वाढला, नालीचा वास खरोखरच गेला. मग घरी येणाऱ्या पाहुण्याच्या नाकाशी आधी त्या पाण्याचा तांब्या जायचा, चहा नंतर.

आणि उन्हाळा लागला. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे कूलर, आणि कूलरला वाळ्याची मुळं मिळाली तर स्वर्गच! लोकांनी बघता बघता वाफे उकरून मुळं घरी नेली. नाली पुन्हा घमघमू लागली, समिती तर यायच्या बेतात. साडूभाऊ मला घेऊन गल्लीभर फिरले, खिडकीखिडकीला नाक लावत. "इथं हाय. इथंबी हाय." सगळ्यांत दाट सुगंध आला तो त्यांच्याच घरातून.

पाण्याची नासाडी म्हणून त्यांनी घरात कधी कूलर येऊ दिला नव्हता. तो त्यांच्या बायकोनं, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीनं, भावाकडून मागवून त्याच सकाळी हे बागेत असताना परस्पर बसवला होता. ताई पदर खोचून उभ्या राहिल्या. "झाडाले पाणी देता, पाखराले देता. म्या काय बिघडवलं तुमचं?"

साडूभाऊ कूलरसमोर जाऊन बसले. त्या दोघांकडे बघून मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते बागेच्या फाटकात उभे होते. "मुळं ठेवा तुमच्यापाशी. पण ठोंब फेकू नका, परत आणून लावा. पुढच्या साली सगळे मिळून अर्धाच वाफा खणू." लाजत लाजत लोक आले, पहिल्या ताईच. समिती आली तेव्हा अर्धी गल्ली कोपरापर्यंत चिखलात होती. इतकी माणसं बघून त्यांनी कारंजं पुढं ढकललं आणि मग विसरूनच गेले. बाग अजून हिरवी आहे.

साडूभाऊ गेले, त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी ताईंना भेटायला गेलो. चालू कूलरचं तोंड साडूभाऊंच्या रिकाम्या खाटेकडे होतं आणि ताई बाजूला बसून हातानं पंखा हलवत होत्या. मी म्हणालो, "ताई, इकडं फिरवून देऊ का?"

"राहू द्या भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्यायनंबी लई उन्हाळे असेच हातपंख्यावर काढले."