विश्वासरावांच्या दोन बायका

विश्वासरावांना दोन बायका आहेत, ही बातमी बनशंकरीतल्या त्या गल्लीत मंगळवारी सकाळी दुधाच्या पिशव्यांबरोबरच घरोघरी पोचली. एक इथली, दुसरी देवनहळ्ळीची. दर रविवारी हा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून तिकडची बस का पकडतो, त्याचा उलगडा झाला म्हणून बायामाणसं खूश झाली. ऐन साठीत दुसरा घरोबा! बातमी रत्नाबाईंनी आणली होती, म्हणजे मीठमसाला वाटेतच लागलेला.

खरं एवढंच, की दोन्ही बायका सकवारबाईच होत्या. आणि दुसऱ्या घरोब्याचं सोडा, त्या नवराबायकोला अजून पहिलं घरच नव्हतं.

सकवारबाई गल्लीतल्या टेलर. बोलता बोलता दाभण टोचावं तसं बोलणाऱ्या. घराणं बेंगळुरात कैक पिढ्यांचं, पण घराण्याला घर कोणी बांधलं नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली, तेवढ्यात भाड्याची आठ घरं. आठही मालकांची एकच अट: भिंतीला खिळा मारायचा नाही. म्हणून देव कपाटात आणि कॅलेंडर खिडकीच्या गजाला. देवनहळ्ळीला नव्या लेआउटात दोन खोल्यांचं घर मिळत होतं. रविवारी विश्वासराव जायचे ते त्या भिंती जागेवर आहेत ना, हे पाहायला. कमाई बाईंची, म्हणून कर्ज बाईंच्या नावावर. कागद सगळे झाले होते, फक्त बँकेचं मंजुरीपत्र यायचं होतं. विकणाऱ्यानं बजावलं होतं, शुक्रवार संध्याकाळपर्यंत पत्र दाखवा, नाहीतर घर दुसऱ्याला.

आणि सोमवारी बँकेतल्या रम्यानं त्यांची आधार आणि पॅन अशी दोन कार्डं शेजारी शेजारी ठेवली.

"अम्मा, यात सकवारबाई. यात सकवार वेगळं, बायि वेगळं. आमच्या कंप्यूटरला या दोन लेडीज दिसतात."

"आणि तुला गं?"

"मला एकच. पण लोन कंप्यूटर देतो."

विश्वासरावांनी चष्मा चढवून कार्ड न्याहाळलं. कन्नडात बायि म्हणजे तोंड. "बरोबर आहे की," ते म्हणाले, "सरकारनं तोंड वेगळं काढून दाखवलंय."

त्या रात्री त्यांच्या ताटात स्वल्पच भात पडला. पण बँकेत त्यांच्या मागं पासबुक छापायला उभ्या राहिलेल्या रत्नाबाईंनी यातलं 'दोन लेडीज' तेवढं उचललं, आणि पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

रम्यानं उपाय सांगितला होता. दोघी एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र करा, आणि वीस वर्षांहून जुन्या ओळखीच्या कोणाची तरी त्यावर सही आणा. प्रतिज्ञापत्र मंगळवारी झालं. अडलं ते सहीवर. दर चार वर्षांनी बिऱ्हाड हलवणाऱ्याला वीस वर्षांची ओळख कुठली? एक जुने मालक मुलाकडे परदेशी गेलेले. दुसऱ्यांच्या घराच्या जागी सात मजले उभे. बाई बुधवारभर उन्हात चपला झिजवत फिरल्या. रात्री मशीनवर बसल्या की उठायच्या, उठल्या की फाटकापर्यंत जाऊन परत. एका ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या.

"जरा बस की गं," विश्वासराव म्हणाले.

"कुठं बसू? ही जमीन मालकाची आहे."

गुरुवारी दुपारी त्या बाह्या उसवताना त्यांना मापांची जुनी वही हवी झाली. फळीवरून खाली काढली, पानं उलटली, आणि हात थांबला. मग त्या तशाच, गळ्यात टेप घेऊन, तीन घरं पलीकडे गेल्या.

"रत्नाक्का, उद्या माझ्याबरोबर बँकेत यायचं. आम्ही दोघी सवती एकच आहोत, असं सही करून सांगायचं."

रत्नाबाईंचा चेहरा पडला. "अय्यो, मी काही बोलले नाही हं! लोकंच बोलतात. आणि मला कशाला त्यात? मी काय तुला एवढी जुनी ओळखते?"

सकवारबाईंनी वही उघडली. "हे तुझ्या लग्नातल्या ब्लाउजचं माप. तारीख बघ, चोवीस वर्षं झाली, मी दुसऱ्या बिऱ्हाडात होते तेव्हाचं. आणि हे मागच्या महिन्याचं. दोन्ही आकडे गल्लीला वाचून दाखवू? लोकांना वाटेल, तूसुद्धा दोन आहेस."

रत्नाबाईंनी आधी वही मिटवली, मग दार. "सरी, सरी, बरं. किती वाजता येऊ?"

शुक्रवारी रत्नाबाई दहालाच बँकेत हजर. सही करताना त्यांचा हात एवढा दाबून चालला की कागदाला पलीकडून उठाव आला. रम्यानं सही पाहिली, वही पाहिली, गालात हसली, आणि आतल्या साहेबांकडे गेली. तास गेला. दुसरा गेला. जेवणाची सुट्टीही गेली. सकवारबाई दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होत्या, शिपायानं दोनदा खुर्ची दिली, दोनदा ती रिकामीच राहिली. साडेतीनला रम्या मंजुरीचं पत्र घेऊन बाहेर आली. शिक्क्याची शाई अजून ओली होती. तिनं पत्र पुढं केलं आणि गमतीनं मागं ओढलं.

"सांगा अम्मा, दोघींपैकी कुठल्या सकवारबाईच्या हातात देऊ?"

सकवारबाई म्हणाल्या, "भाड्यानं राहायची ती गेली. भिंतीला खिळा मारायचाय जिला, ती मी. आण इकडं."