हेडफोनपुरता आवाज

सुभाष गेल्याचं मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. मी शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते. भजनी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी त्याचा हार घातलेला फोटो टाकला आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. घास तोंडात तसाच राहिला. नगरच्या सावेडीत आमची घरं एका गल्लीच्या अंतरावर, आणि बातमी अशी यावी… मंदा, त्याची बायको, नंतर म्हणाली, "ताई, फोन हातात घेतला हुता. काय बोलायचं तेच सुचंना." तिच्यावर कसली रागावणार मी? राग होता तो त्याच्यावरच.

सुभाष मूळचा तिसगावचा, शेतकऱ्याच्या घरातला. शहरात येऊन त्यानं फ्लॅटच्या मागच्या खोलीत रेकॉर्डिंग स्टुडिओ थाटला. स्टुडिओ म्हणजे एक कॉम्प्युटर, एक माईक, दोन स्पीकर आणि भिंतींना ठोकलेल्या मंदानं शिवलेल्या गोधड्या. जागरण-गोंधळाची गाणी, जत्रेची गाणी, शाळांच्या गॅदरिंगची गाणी, सगळं तिथं व्हायचं. मी शाळेत संगीत शिकवते. माझे अभंगही तिथलेच. माणूस अबोल. गालात तंबाखूचा मावा असला की विचारायलाच नको, नुसती मान हलायची.

त्याच्या स्क्रीनची मला आधी धास्तीच होती. इतक्या रंगीत पट्ट्या, त्यातला आवाज नेमका जातो कुठं, काही पत्ता लागायचा नाही. एकदा चिडून विचारलं तर म्हणाला, "ताई, कधी दारं धरलीत का रानात?" मी कशाला धरतेय. "मग ऐका. माईकातनं आलेला आवाज म्हंजी पाटाचं पाणी. ते आपसूक कुटंच जात न्हाई. ज्या वाफ्याचं दार उघडाल, तिकडं जातं." मग त्यानं बोट ठेवून दाखवलं. संबळ, हलगी, टाळ यांची एकेक पट्टी. त्या तिन्ही मिळून एका सामाईक पट्टीत, तिला म्हणायचं बस; बस शेवटच्या मोठ्या पट्टीत, म्हणजे मास्टरमध्ये, आणि मास्टरमधून स्पीकरला. माझ्या आवाजातला थोडा भाग वेगळ्या वाटेनं काढून घुमाऱ्याकडं, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या इफेक्टकडं पाठवायचा आणि तो घुमून आला की परत मास्टरला मिळवायचा. वाट लावून दिली नाही, तर पट्टीवरचा हिरवा काटा नाचत राहतो आणि खोलीत चिडीचूप. अख्खं सॉफ्टवेअर मला त्या दिवशी कळलं असं नाही, पण भीती गेली.

त्याची स्वतःची एक पद्धत होती. गायकाला चाल धरायला सोपं जावं म्हणून तो आधी, घरात कुणी नसताना, अख्खं गाणं स्वतः गाऊन ठेवायचा. त्याला तो डमी म्हणायचा. त्या पट्टीची वाट मास्टरकडं नसायची, फक्त गायकाच्या हेडफोनकडं. म्हणजे मी डोळे मिटून गात असायचे तेव्हा सुभाष माझ्या कानात गात असायचा आणि बाहेर कुणाला त्याची चाहूल नाही. दाराच्या पलीकडं मंदा भाकरी थापायची, तिला फक्त मी ऐकू यायचे. गळा त्याचा गोड नव्हता, पण सुराला पक्का. चुकायची सोयच नव्हती.

एका जत्रेच्या गाण्यात मात्र त्याच्याकडूनच चूक झाली. डमीची वाट मास्टरलाच जोडलेली राहिली आणि गाणं तसंच गावाला गेलं. कर्ण्यावर लागलं तेव्हा मूळ गायकाच्या मागं हा बारीक ऐकू येतोय. गावातल्या पोरांनी फोन करून छेडलं, "अण्णा, मागं कोन कन्हतंय?" ते त्याला फार लागलं. त्या दिवसापासून गाणं पुरं झालं की तो डमी नुसती बंद करायचा नाही, मुळासकट पुसून टाकायचा. मी म्हणायचे, राहू दे की रे एखादी. तर म्हणाला, "वाढून झाल्यावर पळी कोन पानात ठिवतं का?"

मग त्याचा घसा बसायला लागला. मावा सोड म्हणून मी किती घसा फोडला असेल… पण नगरच्या माणसाला मावा सोड म्हणणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पुण्याला ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्रच काढावं लागलं. गळ्याला भोक. त्यानंतर तो मोबाईलवर टाईप करून दाखवायचा, आणि पुढं पुढं तेही करेना. आम्ही जायचो, तो भिंतीकडं बघत बसायचा. लोक म्हणतात, माणूस शांतपणे गेला. सुभाष शांतपणे गेला नाही. वर्षभर गुदमरला आणि मग गेला.

तेराव्यानंतर एका दुपारी मंदानं बोलावलं. म्हणाली, "ताई, यांचा आवाज कुटंच न्हाई. जुना मोबाईल बिघडला, त्यात गेलं समदं. तुमाला तरी त्या मशिनीत सापडंल." आम्ही दोघी गोधड्यांच्या खोलीत बसलो. एकेक गाणं उघडत गेलो. माझा आवाज, पोरींचे कोरस, संबळ, सगळं जिथल्या तिथं, आणि डमीच्या जागी काही नाही. त्यानं कामात कसूर केली नव्हती. मंदा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

शेवटी एक फाईल निघाली, माझ्या नावाची. ऑपरेशनच्या आधी ठरलेला अभंग, जो मग झालाच नाही. त्यात एक पट्टी होती. लावली, काटा नाचायला लागला, स्पीकर गप्प. वाट हेडफोनकडं होती. मी ती मास्टरला जोडली आणि सुभाष खोलीत आला. आवाज घोगरा, फाटलेला. पुढं आपल्याला बोलून सांगता येणार नाही हे ठाऊक असल्यामुळं त्यानं गाता गाता मधेमधे सूचनाही भरून ठेवल्या होत्या. "ताई, हितं दम घ्या… घाई करू नका… ताई, घाबरायचं न्हाई, मी हाय की… आता या."

मंदानं पहिल्यांदाच त्याचं गाणं ऐकलं. ती रडली नाही. संपल्यावर पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा. मला तिच्याकडं बघवेना. पंचवीस-तीस वर्षांच्या संसारात तिच्या वाट्याला मान हलवणं आलं आणि हे सगळं माझ्या कानात. तिनं हळूच विचारलं, "ताई, त्यातलं 'ताई' तेवढं काढता येतंय का?"

येतं, म्हटलं. एकेक ताई निवडली आणि पुसली. माझ्यासाठी गायलेला अभंगही काढला त्यातून, फक्त त्याचं बोलणं राहिलं. ते मी तिच्या मोबाईलवर घातलं. तिनं तिथंच कानाला लावून ऐकलं, "हितं दम घ्या… घाई करू नका… आता या."

"मला कधी अहो-जाहो केलं न्हाई त्यांनी," ती म्हणाली. "पन चालतंय."