वाकड्या काट्याची बिस्किटं

रविवारच्या प्रार्थनेनंतर आमच्या चर्चच्या तळघरात कॉफी असते. टेबलावर बिस्किटांच्या कितीही ताटल्या असोत, आर्लिसची ताटली कुणीही ओळखायचं. पीनट बटरच्या बिस्किटांवर भाजायच्या आधी काट्याने दाबून उभ्या-आडव्या रेघा काढायच्या, ही इथे नॉर्थ डकोटात घरोघरची रीत. पण आर्लिसच्या काट्याचा एक दात वाकडा. तिच्या नवऱ्याने, ऑरिनने, कधीतरी त्या काट्याने मधाच्या डब्याचं घट्ट बसलेलं झाकण उचकटलं होतं. त्यावरून तिने त्याला जन्मभर ऐकवलं, पण काटा काही टाकला नाही. त्यामुळे तिच्या प्रत्येक बिस्किटावर एक रेघ गायब असायची. पोरं ती रिकामी जागा बघूनच हात घालायची.

त्या बिस्किटांत साखरेचा कण नाही. पीनट बटर, मैदा, एक अंडं, बुचभर व्हॅनिला, आणि ऑरिनच्या मधमाश्यांच्या पेट्यांतला मध. बस. मी किती वेळा करून बघितली! माझी आपली टाळूला चिकटायची. "व्हर्ना, तू पिठावर पण डाफरतेस, त्यानं ते आखडतं," लव्हॉन म्हणायची. ही लव्हॉन म्हणजे आमच्या कॉफीची सर्वेसर्वा. थर्मासला हात लावायचा तरी बाईंना विचारून लावायचा. आणि मी तोंडाची फाटकी, हे गावात सगळ्यांना माहीत आहे, मी काही नाकारत नाही.

आर्लिस माझ्या अगदी उलट. ती शाळेची बस चालवायची. निम्म्या गावाला तिने आरशातून मोठं होताना पाहिलंय. मागे कोण काय उद्योग करतंय, ते तिला मान न वळवता कळायचं. "ट्रॉय, तिची टोपी तिला दे," एवढंच म्हणायची, तेही सावकाश, आणि टोपी परत जायची. ट्रॉय आता बँकेत मॅनेजर आहे, तरी आर्लिस दारातून आत आली की सरळ बसतो.

बोलायचं काम ऑरिनकडे होतं. त्याला मधमाश्यांवर बोलायला श्वास लागायचा नाही. माणूस सोन्यासारखा, पण माश्यांना भारी भ्यायचा. एवढ्या पेट्या पाळल्या आणि शेवटपर्यंत भ्यायचा! त्यामुळे पेटी उघडताना धूर करायचा तो असा, की शेजारच्यांनी आग विझवणाऱ्यांना फोन करावा. मधालाही तो वास यायचा, धुरात मुरवलेल्या डुकराच्या मांसासारखा. "ऑरिन, हा मध आहे की हॅम?" असं गेलर्ड दरवर्षी विचारायचा. गेलर्ड त्याचा जुना दोस्त. दरवर्षी तोच विनोद, आणि ऑरिन दरवर्षी पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसायचा.

फेब्रुवारीत ऑरिन गेला. बर्फात पेट्यांपाशी गेला होता. हिवाळ्यात पेटीला कान लावला की आतली गुणगुण ऐकू येते, माश्या जिवंत आहेत की नाही ते कळतं. तसाच, पेटीला टेकून बसलेला आर्लिसला सापडला. ती घरात आली. बिस्किटं ओव्हनमध्ये होती. तिने आधी ओव्हन बंद केला, मग फोन केला. हे तिनेच मला सांगितलं, दुकानातून पीठ आणल्याचं सांगावं तशा आवाजात.

दफनाच्या दिवशी ती रडली नाही. जेवणानंतर आमच्याबरोबर कप विसळायला उभी राहिली, अंगावर कोट तसाच. "अगं, बस ना," म्हटलं तर म्हणाली, "ठीक आहे मी." नळ वाहत होता आणि ती एकच कप धूत होती. शेवटी मीच नळ बंद केला.

मग आम्ही काय केलं? जे आम्ही नेहमी करतो ते. बटाट्याचे, नूडल्सचे भाजलेले पदार्थ भांडी भरभरून तिच्या दाराशी नेऊन ठेवले आणि हवेबद्दल बोललो. यंदा वितळायला उशीर आहे म्हणालो. पेरण्या लांबणार म्हणालो. ऑरिनचं नाव कुणी काढलं नाही. काढलं तर तिला लागेल ना! असा आमचा भला विचार. गेलर्डसुद्धा हॅमचा विनोद गिळून बसला. पेट्या विकल्या गेल्या, त्याबद्दलही कुणी चकार शब्द काढला नाही.

आर्लिस घराबाहेर पडायची ती फक्त रविवारी. दुकानातसुद्धा जायची नाही, सामान घरी मागवायची. पण रविवारी ताटली घेऊन यायची, टेबलावर ठेवायची, कोपऱ्यातल्या खुर्चीत कोट घालून बसायची. बाहेर कलिंगडं कापायचे दिवस आले तरी तिच्या अंगावर तोच हिवाळ्यातला कोट. स्वतः काही खायची नाही. काय विचारलं तरी "ठीक आहे." तोंडाला चव नाही, असं एकदा मला म्हणाली होती. "कशाचीच नाही. कॉफी गरम आहे एवढं कळतं." त्यावर मी म्हटलं, "उन्हाळा आला की बरं वाटेल." काय बाई मी तरी! उन्हाळ्याचा आणि त्याचा काय संबंध?

आणि ती बिस्किटं. देवा! ईस्टरच्या सुमाराला पहिल्यांदा आणली तेव्हा मी मोठा घास घेतला आणि तो घास गिळेपर्यंत माझी अख्खी कॉफी संपली. गोडाचा पत्ता नाही. कोरडी, खारट, बोटांत भुगा होणारी. तिने मधाच्या जागी दूध घालून पीठ कसंबसं एकत्र आणलं होतं. वरून मात्र तीच, रेघ गायब असलेली.

सगळ्यांनी खाल्ली. "वेगळी झालीयेत हं या वेळी," लव्हॉन म्हणाली. आमच्याकडे "वेगळी" म्हटलं की पुढचं समजून घ्यायचं. पुढच्या रविवारी लोक हुशार झाले. एकेक बिस्किट उचलायचं, "वा वा" करायचं, आणि कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकायचं. गाड्या लावायच्या जागी खडीवर चुरा पडायला लागला, चिमण्यांची चंगळ झाली. माझ्या कुत्रीची तर त्याहून. डचेसला ती बिस्किटं जाम आवडायची. कुत्र्यांना गोड लागतंच कुठे!

खरं सांगायची कुणाची छाती नव्हती. माझीसुद्धा नाही, आणि मी पास्टरना त्यांचं प्रवचन लांबलं हे तोंडावर सांगणारी बाई. पण भीती एकच होती, सगळ्यांना. ही ताटली तिच्या हातातून गेली, तर आर्लिस रविवारी येणार कशाला? दार लावून घेईल आणि त्या घरात एकटी बसेल, ती बसेलच. मग आम्ही तिला घालवली असं होईल. म्हणून मग सगळं गाव तोंड मिटून बिस्किटं खिशात घालत होतं.

शेवटी लव्हॉनच्या डोक्यातून युक्ती निघाली. ताटल्या दर रविवारी उरायला लागल्या होत्या, आणि एका रविवारी आर्लिसने भरलेली ताटली तशीच्या तशी परत नेली होती, काही न बोलता. ते लव्हॉनला बघवलं नाही. तिने घरातला एक काटा घेतला, नवऱ्याच्या पकडीने एक दात वाकवला आणि आर्लिससारखी बिस्किटं केली. हुबेहूब.

"मध कुठला घातलास?" मी विचारलं.

"दुकानातला. ती अस्वलाच्या आकाराची बाटली असते ना, ती."

"आर्लिसला कळलं तर?"

"कसं कळेल? ती खाते का? रेघा बघ रेघा! मलाच ओळखू येत नाहीत माझी." मग आवाज खाली आणून म्हणाली, "व्हर्ना, एकदा तिला रिकामी ताटली घरी नेऊ दे गं."

त्या रविवारी स्वयंपाकघराच्या खिडकीआड आम्ही आर्लिसची बिस्किटं पिशवीत ओतली आणि लव्हॉनची ताटलीत लावली. पिशवी मी घेतली, डचेससाठी. खोटं कशाला सांगू?

ताटली बाहेर गेली. पहिला घास गेलर्डने घेतला, तोही जीव मुठीत धरून. त्याचे डोळे विस्फारले. त्याने दुसरं उचललं. मग बातमी कशी फिरते तशी फिरली. ट्रॉय उठून आला. पोरं आली. "वा, आर्लिस!" "आज काय झालीयेत, आर्लिस!" लव्हॉन थर्मासमागे उभी राहून गालात हसत होती.

आर्लिस तिच्या खुर्चीतून बघत होती. मग उठली. ताटलीत शेवटची चार-पाच राहिली होती, त्यातलं एक तिने उचललं. खाल्लं नाही. दोन्ही हातांनी धरून मोडायला गेली. ते मोडेना. मऊ होतं, वाकलं.

"वाकतंय," ती म्हणाली.

तिने पुन्हा वाकवलं.

"कुणी केली ही?"

"यंदा पाऊस बरा आहे नाही?" पास्टर म्हणाले. खरंच म्हणाले. आणि दोघा-तिघांनी "हो हो" केलं! पावसाबद्दल!

माझं डोकंच फिरलं. कुणावर ते मला आजही नीट सांगता येणार नाही. पास्टरवर, लव्हॉनवर, माझ्या हातातल्या त्या पिशवीवर.

"लव्हॉनने केली," मी म्हटलं. "काटा मुद्दाम वाकवून. तुझी ही इथे आहेत, पिशवीत, माझ्या कुत्रीसाठी. आर्लिस, तुझी बिस्किटं खाववत नाहीत गं. ईस्टरपासून खाववत नाहीत. सगळे खिशात घालून नेतात आणि बाहेर टाकतात."

"व्हर्ना!" लव्हॉन किंचाळली.

आर्लिसचा चेहरा हलला नाही. "ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "मागचं सगळं दिसतं मला."

"ठाऊक होतं?"

"पहिल्या रविवारपासून."

"मग कशाला आणत होतीस, बाई?"

तिने ते वाकलेलं बिस्किट परत ताटलीत ठेवलं. "मला वाटलं, कुणीतरी विचारेल. मध का नाही घातलास म्हणून."

एवढंच. मीच विचारलं. "मध का नाही घातलास, आर्लिस?"

"ऑरिनचा एकच डबा उरलाय."

फेब्रुवारीपासून त्या तळघरात ते नाव पहिल्यांदा ऐकू आलं. लव्हॉनने तोंडावर हात घेतला. गेलर्ड खाली मान घालून बसला होता, त्याने मान वर केली.

"कधीचा डबा?" त्याने विचारलं.

"गेल्या ऑगस्टचा."

"क्लोव्हरच्या फुलांचा का?"

"हो. शेवटच्या पेट्यांचा."

"चांगला होता तो," गेलर्ड म्हणाला. "हॅमसारखाच होता."

मी तिला माझ्या गाडीतून घरी नेलं. घरात गेल्यावर ती म्हणाली, "तो डबा काढ वर," म्हणून मी खालच्या खोलीतून तो डबा वर आणला. अंगचा जड, आणि झाकण असं बसलेलं की निघता निघेना. ओट्यावर जे हाताला लागलं ते मी घेतलं आणि झाकणाच्या कडेत घातलं.

"अगं काट्याने नको!" आर्लिस ओरडली.

इतक्या महिन्यांत तिचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मी हातात बघितलं. तोच काटा होता.

"उचकट," ती मग म्हणाली. "उचकट. असाही वाकडाच आहे."

मध आत घट्ट बसला होता, पांढरा, साजूक तुपासारखा रवाळ. मी चमच्याने खरवडून तिच्या हातात दिला. तिने तोंडात घातला. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले.

"गोड लागतोय का?"

तिने मान हलवली. नाही. मला रडूच आलं. मी म्हटलं, जाऊ दे, लागेल हळूहळू, आणि तेवढ्यात तिने चमचा पुन्हा तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"धूर लागतोय," ती म्हणाली.

"काय?"

"धूर. धूर लागतोय गं, व्हर्ना." ती डब्याकडे वळली. "किती वेळा सांगितलं तुला, धूर कमी कर म्हणून! किती वेळा! सगळ्या मधाची वाट लावतोस. माश्या काय खातात तुला? ऐकशील तर शपथ!"

मग ती तिथेच स्टुलावर बसली आणि रडली, कोट अंगात, चमचा हातात.