तुटलेल्या बोल्टचं तोंड

कल्पना करा, साठ वर्षांपूर्वीच्या मोटरसायकलची ब्रेक प्लेट तुमच्या हातात आहे. वर ग्रीस आणि धुळीचा काळा थर. रॉकेलचा बोळा हळू फिरवा. खालून निस्तेज राखाडी रंग डोकावला की थांबा. हात शिवशिवतील, तारेचा ब्रश घेऊन चकाचक करावंसं वाटेल. केलंत, की संपलं. तो निस्तेज थरच कारखान्यातलं मूळ फिनिश होता. खरवडलेलं मूळ परत येत नाही.

मळक्या हे प्रत्येक गिऱ्हाइकाला दम देऊन सांगायचा. नाव उगाच पडलं नव्हतं. "त्याच्याकडे गाडी द्या," लोक म्हणायचे, "वर्षाने तशीच मळकी परत मिळेल, फक्त चालायला लागलेली असेल." काम असं, की लांबचे लोक शोधत यायचे. हात असा, की जवळचे लांब पळायचे. एका गिऱ्हाइकाने हँडलला पॉलिश मारलं म्हणून त्याचं नाक फोडलं होतं. गॅरेजच्या शटरला त्याच्या लाथांचे पोचे होते. टिकला होता तो एकटा धाकटा भाऊ. त्याचे पुढचे दोन दात मात्र टिकले नव्हते.

त्या दुपारी धाकटा प्लेटिंगवाल्याकडून आला आणि टेबलावर एक बोल्ट ठेवला. चाकाबरोबर ब्रेक प्लेट फिरू नये म्हणून तिला अडवून धरणारा बोल्ट. बोटाएवढाच, पण ब्रेक दाबला की सगळा जोर त्याच्यावर. मूळचा राखाडी, आता क्रोमने आरशासारखा चमकत होता.

"गाडीच्या मालकाला चमक हवीय, दादा. बाकीचे भाग मूळचे तसेच ठेवू."

मळक्याने धाकट्याची मान धरली आणि तोंड टेबलावर आपटलं. पाने खणखणत खाली पडले. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा रक्त ब्रेक प्लेटवर उडालं.

"बाबांना मारलंस, तेवढ्याने पोट भरलं नाही?"

सात वर्षांपूर्वी धाकट्याने हौसेने बाबांच्या गाडीचा असाच बोल्ट क्रोम करून आणला होता. वळणावर बाबांनी ब्रेक दाबला, चाक जाम झालं, गाडी भिंतीवर गेली. बोल्ट दोन तुकडे होऊन रस्त्यावर सापडला. क्रोम करताना कडक पोलाद ॲसिडच्या टाकीतून निघालं की आतून ठिसूळ होऊ शकतं, हे मळक्याला ठाऊक होतं. त्याने त्याच दिवशी धाकट्याला दोषी ठरवून टाकलं.

पोटात लाथ बसली तशी वहिनी मागच्या घरातून धावत आली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली. "सोडा त्याला. त्याचं काही बरंवाईट झालं, तर तुरुंगात डबा घेऊन मी येणार नाही."

धाकटा टेबलाला धरून उठला. रक्त थुंकला. बोल्ट उचलून टेबलावरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळला आणि हातोडा भावापुढे धरला.

"मार. तुटला तर मी खुनी, आत्ता निघून जातो. नाही तुटला, तर माझ्या अंगाला पुन्हा हात लावायचा नाही."

मळक्याने जीव खाऊन घाव घातला. क्रोमचा टवका उडाला. मग घावांवर घाव, खांदा भरून येईपर्यंत. बोल्ट मान मोडलेल्या कोंबडीसारखा आडवा झाला, पण तुटला नाही.

"प्लेटिंग झालं की लगेच भट्टीत तापवून घेतो मी," धाकटा म्हणाला. "ठिसूळपणा निघून जातो. बाबांचाही तापवला होता."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"बोललो होतो. दात तेव्हाच गेले."

मळक्याने फळीवरचा डबा ओढला. त्यात बाबांच्या बोल्टचे दोन तुकडे होते. ठिसूळ बोल्ट तुटला तर तोंड साखरेसारखं दाणेदार दिसतं. धडकेत ताण बसून तुटला तर कडा ओढल्यासारखी वाकते. त्याला एका नजरेत कळलं असतं.

दोन्ही तुकड्यांची तोंडं काचेसारखी गुळगुळीत होती. बाबा गेले त्या आठवड्यात, त्या क्रोमचा कण राहू नये म्हणून, त्यानेच ते ग्राइंडरवर धरले होते. ठिणग्या हातावर उडत होत्या, तरी सोडले नव्हते. दुसऱ्यांना मूळ जपायला सांगणाऱ्याने नेमकं हेच मूळ घासून टाकलं होतं.

धाकटा पैज जिंकला, तरी संध्याकाळी पिशवी भरून निघाला. वहिनीने अडवलं नाही.

आता मळक्या एकटाच काम करतो. शटरला नवा पोचा नाही. लोखंडातलं कळणारा कोणी आला, की तो ते दोन तुकडे त्याच्या तळहातावर ठेवतो, तुटलेल्या तोंडावरून फिरणाऱ्या त्याच्या नखाकडे टक लावून बघतो आणि विचारतो, "आधी बोल्ट तुटला, की आधी बाबा भिंतीवर गेले?"