झाडून काढलेली टेकडी

त्या रविवारी तळेगावच्या अलीकडच्या आमच्या फाट्यावर बसमधून उतरलो आणि मला वाटलं, चुकून दुसऱ्याच गावाला उतरलो. आमची टेकडी फाट्यावरूनच दिसते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती गवताने पिवळसर आणि बोराटीच्या जाळ्यांनी केसाळ दिसायची. त्या सकाळी तिच्या एका अंगाला काहीच नव्हतं. नुसती तांबडी माती, आणि तिच्यावर मेंढ्या बसल्यासारखे पांढरे ठिपके.

जवळ गेलो तेव्हा कळलं, ते दगड होते. गावाने त्यांना चुना लावला होता.

हे मी आजवर कुणाला सलग सांगितलेलं नाही. मी मुळात कमी बोलणारा. चारचौघांत उभं राहिलं की माझ्या घशात बोळा बसतो. घरचे म्हणतात, याच्या तोंडातून शब्द काढणं म्हणजे कोरड्या विहिरीत बादली सोडणं. लोक याला चांगुलपणा समजत आले, आणि मीही समजू दिलं.

टेकडी गावच्या गायरानाची. तिच्यावर रायमुनी माजली होती. रंगीत फुलांचं ते परकं झुडूप शिरलं की दुसऱ्या कशाला उगवू देत नाही. आम्ही चार-पाच माणसं काही वर्षांपासून रविवारी जाऊन ती मुळासकट उपटायचो आणि टेकडीचं स्वतःचं जे होतं त्याला हात लावायचो नाही. बोराटी, खैर, पळस, कुसळीचं गवत. गाव हसायचं. "काय रे, खजिना सापडला का तिथं?" असं पानठेल्यावर कुणी ना कुणी विचारायचंच.

आमच्यात सगळ्यात चिवट होत्या शेजारच्या वहिनी. टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं शेत, वांगी, मेथी आणि सांभाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं. टेकडीवर पूर्वी चार असायची. चार म्हणजे चारोळीचं झाड. लहानपणी तिची काळी फळं खाऊन आम्ही जिभा रंगवायचो. मग एकही उरलं नाही. वहिनींनी माहेराहून बिया आणल्या आणि उत्तरेच्या उतारावर बोराटीच्या जाळ्यांच्या पोटात टोचल्या. काट्यात शेळीचं तोंड पोचत नाही, आणि उन्हाळ्यात सावलीही मिळते. काही उगवल्या. दोन उन्हाळे त्यांनी आपल्या विहिरीचं पाणी डोक्यावर गुंडाने, म्हणजे पितळी घागरीने, वाहून त्या जगवल्या. आता रोपं गुडघ्याएवढी झाली होती. बाहेरून बघणाऱ्याला मात्र तिथे काटेच दिसायचे.

दक्षिणेकडची रायमुनी आम्हाला आटोपेना. म्हणून मी भजन मंडळाच्या दादाजींकडे गेलो. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, पण त्यांनी हाक दिली की गाव उठतं. म्हटलं, दादाजी, एक रविवार गावाने हात लावला तर बरं होईल.

"तू निस्ता सांग बावा," ते म्हणाले. "सारं गाव आनतो. श्रमदान करू. मस्त."

तिथेच मी बोलायला हवं होतं. आमच्या भागात श्रमदान म्हटलं की माणसाचा हात आपोआप खराट्याकडे जातो. आम्ही शाळेत असल्यापासून ते तसंच करत आलो. पहाटे उठायचं, गल्ल्या झाडायच्या, नाल्या उपसायच्या, झाडाच्या बुंध्यांना चुना आणि गेरू लावायचा, मग भजन. त्यात आमची जिंदगी गेली. जंगल झाडायचं नसतं, हे दादाजींना कोण सांगणार होतं? मीच. पण त्यांच्या ओसरीवर पाचसहा माणसं बसली होती, आणि मी "बरं" म्हणून उठलो.

श्रमदानाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, वर्ध्याला बहिणीकडे जायचं होतं. निघताना वहिनींच्या शेतावरून गेलो. त्या मेथीच्या जुड्या बांधत होत्या.

"मी तं उद्या बजारात राहीन," त्या म्हणाल्या. "दुपारी येतो. तुमी सकाळीच पोचता ना?"

"पोचतो."

"मंग मले काई चिंता नाई."

मी पोचलो. हेच सांगायचं आहे. मी वेळेत पोचलो होतो.

टेकडीवर जत्रा होती. बायका झाडत होत्या, अक्षरशः खराट्यांनी माती झाडत होत्या. गवत कापून त्याचे भारे रचले होते. बी अजून खाली पडायचं होतं, ते सगळं भाऱ्यांतच. रायमुनी गेली होती हे खरं, पण तिच्यासोबत बाकीचंही गेलं होतं. खैराच्या बुंध्यांना चुन्याचे पट्टे, वर गेरूची किनार. पायवाटेच्या तोंडाशी कुणीतरी रांगोळी काढली होती. ट्रॅक्टरवर भोंगा, पातेल्यात पोहे. एवढी माणसं त्या टेकडीसाठी कधी एकत्र आली नव्हती.

"ये रे बावा!" दादाजींनी लांबूनच हात वर केला. त्यांच्या धोतराला चुना लागला होता, चेहरा उजळला होता. "पाह्य तुही टेकडी! कशी चकाचक केली! आता सांग, खजिना कोनाले सापडला?"

सगळे हसले. कुणी माझ्या डोक्यावर टोपी घातली, कुणी हातात नारळ दिला. मी तो धरला.

तेवढ्यात मंडळाचा मृदंग वाजवणारा भाऊ विळा घेऊन आला. त्याच्यामागे पंधरा-वीस जण उभे होते. त्याने उत्तरेच्या उताराकडे बोट केलं. तो उतार अजून तसाच होता.

"भाऊ, हे बोराटी बी काढा लागते ना? काटे लय हायेत. उद्या लोकं फिराले येतीन, पोरायच्या पायात जातीन."

मी त्या जाळ्यांकडे पाहिलं. कुठल्या जाळीत काय आहे ते मला ठाऊक होतं. एक शब्द पुरला असता. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आनंदात होते, घामेजलेले होते, इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या बाजूने होते. मनात आलं, आता नाही म्हटलं तर सकाळपासूनचं सगळंच चुकलं असं होईल. हे परत येणार नाहीत.

मी मान हलवली. नाही अशी नव्हे.

ते गेले. विळ्यांचा आवाज आला, मग बायकांचं गाणं. मी नारळ घेऊन उभाच होतो. कुणी पोह्यांची प्लेट दिली, तेही खाल्ले. आजही नवल वाटतं, ते पोहे माझ्या घशाखाली उतरले कसे?

दुपारी वहिनी आल्या. डोक्यावर रिकामी टोपली, हातात जिलबीचा पुडा. बाजारात त्यांना कळलं होतं की सारं गाव टेकडीवर आलंय, म्हणून सगळ्यांसाठी आणली होती. हसत चढत होत्या. वळणावर थांबल्या. पुडा माझ्या हातात दिला, तोही माझ्याकडे न बघता, आणि उत्तरेच्या उतारावर गेल्या. तिथे जमिनीलगत तिरके कापलेले खुंट होते. त्या एकेका खुंटापाशी वाकत गेल्या, बोटांनी माती चाचपत. मग एका ठिकाणी बसल्या.

मी मागे जाऊन उभा राहिलो.

"माह्या चार कुठी हाये?"

मी डोक्यावरची टोपी काढली.

"तुमी होते ना इथं?"

"मी उशिरा आलो," मी म्हणालो. "आलो तेव्हा सगळं झालं होतं."

खोटं किती सहज निघतं! खरं अडकणाऱ्या त्याच घशातून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विश्वास ठेवला. "मंग तुमी तरी काय करसान," असं म्हणून पदराने हात पुसले. तो विश्वास बघून मी जितका हादरलो, तितका पांढरे दगड बघूनही हादरलो नव्हतो.

गुरुवारी देवळात भजन होतं. शेवटी दादाजींनी जाहीर केलं की येत्या रविवारी टेकडीची मागची बाजू घ्यायची, कापलेल्या काट्यांची होळी करायची आणि राहिलेल्या दगडांना चुना लावायचा. लोकांनी माना डोलावल्या. बायकांच्या बाजूला वहिनी खाली बघत बसल्या होत्या.

मी उठलो. काय बोललो ते नीट आठवत नाही. टेकडी झाडायची नसते, हे सांगितलं. उत्तरेला चारची रोपं होती आणि मला माहीत होतं, हे सांगितलं. मी वेळेत पोचलो होतो, मला विचारलं होतं आणि मी मान हलवली, हेही.

मृदंगवाला भाऊ स्वतःच्या हातांकडे बघत होता. दादाजी हळूच म्हणाले, "म्हंजे... आमी पाप केलं म्हनतं तू?" त्यांचा चेहरा एकाएकी म्हातारा झाला. तो चेहरा मी केला.

खांबाला टेकलेली एक म्हातारी कडाडली, "त्यायनं काऊन पाप केलं? त्यायनं तं इचारलं होतं! तुह्या तोंडात का सुपारी होती तवा?"

कुणी हसलं नाही. वहिनी उठल्या, चप्पल घातली आणि निघून गेल्या.

रविवारी भोंगा नव्हता. मोजकीच माणसं आली. मृदंगवाला आला. दादाजीही आले, सवयीने खराटा घेऊन. पायथ्याशी आल्यावर त्यांच्या ते ध्यानात आलं आणि त्यांनी तो झाडाला टेकवून ठेवला. "आता तूच सांग," ते म्हणाले. "पन तोंडानं सांगजो. मान नोको हालवू."

मी सांगितलं. ज्या काट्यांची होळी व्हायची होती ते आम्ही ओढत वर नेले आणि खुंटांवर पसरले, शेळ्यांना अडवायला. बोराटी खुंटातून फुटते. गवताचे भारे सोडून उतारावर झटकले, जेवढं बी पडेल तेवढं पडावं म्हणून. चार फुटेल का, हे दादाजींनी विचारलं. माहीत नाही म्हणालो.

ऊन चढल्यावर वहिनी आल्या. डोक्यावर भरलेला गुंड, काखेत एक रिकामा. कुणाशी बोलल्या नाहीत. काटे बाजूला करून एका तिरक्या खुंटाच्या बुडाशी पाणी ओतलं, मग दुसऱ्याच्या. मी जवळच उभा होतो, हात लोंबकळत.

त्यांनी रिकामा गुंड पायाने माझ्याकडे सरकवला.

"उभे काय? इचारलं पाह्यजे का तुमाले?"

मी गुंड उचलला आणि त्यांच्या विहिरीकडे उतरू लागलो.